अडलेला सडवा

पौषाच्या कडाक्याच्या थंडींत रात्रीं लावलेलें विरजण सकाळीं उघडून पाहावें, तों दूध जसेंच्या तसें पातळ, हा अनुभव आमच्या बहुतेक वाचकांच्या घरीं आला असेल. अशा वेळीं घरांतील वडील बाई फारसा विचार न करतां भांडें कांबळ्याच्या तुकड्यांत गुंडाळून चुलीशेजारीं सरकविते, विरजणाचा आणखी एक चमचा घालते, आणि दुपारपर्यंत दहीं लागतें. तिला कोणी विचारलें कीं, बाई, दुधाचें असें काय अडलें होतें, तर ती म्हणेल, "थंडीनें धरलें नाहीं, दुसरें काय?" ह्या एवढ्याशा उत्तरांत जें शास्त्र आहे, तें नीट उलगडण्यास युरोपांतील पंडितांना जवळजवळ दोन शतकें लागलीं.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र दहीं नव्हे. भंडारा जिल्ह्यांत, वैनगंगेच्या दोहों तीरांस, मोहाच्या फुलांचें जें आंबवण होत आलें आहे व ज्यास तिकडे सडवा म्हणतात, तो सडवा थंडींत अडला म्हणजे लोक काय करीत, तें कां लागू पडे, आणि तें उघडपणें करण्याचा अधिकार त्यांच्या हातून कसा गेला, हें आम्हांस सांगावयाचें आहे. कुटुंबांत वाचावयाच्या मासिकांत मद्याची चर्चा कशास, अशी शंका कोणी घेईल. आम्ही मद्यपानाचे कैवारी नाहीं. परंतु ज्या मडक्याच्या जोरावर सरकारचा खजिना पिढ्यानुपिढ्या भरला व ज्याच्यापायीं गरीब माणसें तुरुंगांत गेलीं, त्या मडक्याचा इतिहास न वाचल्यानें कोणाचें व्यसन सुटल्याचें ऐकिवांत नाहीं.

आजचा भंडारा जिल्हा हा जुन्या भंडारा जिल्ह्याचा पश्चिमेकडील भाग होय. पूर्वेकडील तालुके १ मे १९९९ रोजीं गोंदिया ह्या नांवानें वेगळे झाले. दोन्ही मिळून हा मुलूख तळ्यांचा, धानाचा आणि मोहाचा. मोहाडी तालुक्याच्या नांवांत आम्हांस तर मोहच ऐकूं येतो. अर्थात् गांवांच्या नांवांवर पैज लावण्याइतके आम्ही धाडसी नाहीं. फाल्गुन-चैत्रांत मोहाचीं पानें गळून जातात, उघड्या फांद्यांवर फुलांचे घोस लटकतात, आणि रात्रीच्या उत्तरार्धांत तीं मांसल, पिवळट फुलें टपटप गळूं लागतात. पहांट होण्यापूर्वींच बायका-मुलें टोपल्या घेऊन झाडाखालीं हजर होतात. फुलें दिसावीं म्हणून खालचा पाचोळा आधींच झाडून किंवा जाळून टाकलेला असतो. चार दिवस उन्हांत वाळविलीं म्हणजे तीं मनुक्यांसारखीं सुरकुततात व वर्षभर टिकतात. ह्या वाळलेल्या फुलांच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग केवळ साखरेचा असतो.

तेव्हां मोह म्हणजे दारू हें समीकरण शहरी माणसाचें आहे. जंगलांतील कुटुंबास मोह हा प्रथम अन्न, मग बाजारांत मीठ-कापड आणून देणारा माल, आणि त्यानंतर मद्य. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दोन भयंकर दुष्काळांत मध्यप्रांतांतील अरण्यभागाची पुष्कळ प्रजा कंदमुळांवर व मोहफुलांवर जगली. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें कायद्याचा प्रश्न निघेल तेव्हां ती उपयोगी पडेल.

बीअर करणाऱ्या युरोपीय गृहस्थास पहिली अडचण अशी कीं, जवांत साखर तयार नसते. जव भिजवून, मोड आणून, वाळवून, पुन्हां ऊन पाण्यांत ठेवून आधीं पिष्टाची साखर करावी लागते. छोटा नागपुराकडे भातापासून हंडिया करितात, तेव्हां तेथेंही पिष्ट फोडण्यासाठीं तांदूळ व वनस्पतींची मुळें ह्यांची केलेली राणू नांवाची गोळी लागते. मोहाला ही यातायात नाहीं. साखर फुलांतच तयार असते, आणि ती आंबविणारे सूक्ष्म जीव फुलाच्या सालीवर, टोपलींत, अंगणाच्या मातींत सर्वत्र असतात. धानाच्या मुलखांत राहूनही भंडाऱ्याकडील लोकांनीं मद्यासाठीं तांदूळ न वापरतां मोह कां वापरला, ह्याचें आमच्या मतें साधें उत्तर हेंच. तांदूळ पोटाला, आणि तोही मालगुजाराचें देणें भागवून उरला तर. मोह मात्र झाडाखालीं पडलेला.

कृति म्हणाल तर एवढीच. वाळलेलीं फुलें पाण्यांत भिजत घालावीं, मडक्याचें तोंड झांकावें, आणि वाट पाहावी. पहिल्या दिवशीं पाण्यास गोडी उतरते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं बारीक बुडबुडे येऊं लागतात. मग फुलें वर उचललीं जाऊन त्यांचा जाड थर तरंगतो, फेस येतो, आणि कान लावल्यास पाऊस थांबल्यावर पाचोळ्यावर ठिबकणाऱ्या थेंबांसारखा चुरचुर आवाज ऐकूं येतो. शेवटीं आवाज मंदावतो, फुलें तळीं बसतात, गोडी नाहींशी होऊन जिभेला तुरटपणा लागतो. तेव्हां सडवा झाला. त्यांतील मद्यार्काचें प्रमाण बीअरच्या जवळपास किंवा थोडें अधिक असतें. पुढें भट्टीवर गाळून जी तीव्र दारू निघते ती वेगळी. उन्हाळ्यांत हें सगळें चार-पांच दिवसांत आटोपतें. माघांत आठ-दहा दिवस गेले तरी मडकें मुकेंच राहतें.

साकोलीकडील एका खेड्यांत एका वृद्ध गोंड बाईनें आम्हांस ही "मुक्या मडक्या"ची कथा सांगितली. तिच्या लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षीं घरांत एक मयत झाली. दिवसांच्या वेळीं देवाला आणि पाहुण्यांना मोहाचें द्यावयाचें, आणि सडवा तर बोलेना. सासूनें मडक्याला कान लावला, बोट बुडवून चाटलें, आणि एवढेंच म्हणाली, "गोड आहे, म्हणजे मेला नाहीं, झोपला आहे." मग तें मडकें धानाच्या तणसांत गळ्यापर्यंत बसविलें, शेजारच्या घरून चालू सडव्याचें लोटाभर पाणी आणून आंत ओतलें, आणि चुलीवरचें कोमट पाणी थोडें थोडें घातलें. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं मडकें बोलूं लागलें. आम्हांस ह्या हकीकतींत सर्वांत महत्त्वाचें वाटलें तें बोट चाटणें. आंबणें थांबलें ह्याचे दोन अर्थ होतात: साखर संपली म्हणून काम पुरें झालें, किंवा साखर असतांनाच काम अडलें. बाहेरून दोन्ही मडकीं सारखींच गप्प. विलायतेंतील गृहस्थ घनतामापक नळी बुडवून ठरवितो. सासूबाईंनीं तेंच जिभेनें ठरविलें. गोडी शिल्लक असेल तर उपाय करावयाचा, नसेल तर उगाच ढवळाढवळ करावयाची नाहीं.

ह्या तिन्ही उपायांमागील कारणें आज आपणांस ठाऊक आहेत. साखरेचें मद्य करणारा किण्व हा एकपेशीय जीव आहे. २५ ते ३२ अंश सेंटिग्रेड उष्णतेंत तो उत्तम काम करितो, १५ अंशांखालीं आळसावतो, आणि ४० च्या वर गेल्यास मरूं लागतो. भंडाऱ्याकडे डिसेंबर-जानेवारींत रात्रीची उष्णता १०-१२ अंशांपर्यंत उतरते. त्यांत मडकें मातीचें. उन्हाळ्यांत ज्या गुणामुळें माठांतील पाणी गार होतें, तोच गुण थंडींत सडव्याच्या मुळावर येतो. सच्छिद्र भिंतींतून पाणी पाझरतें, उडून जातें, आणि आंतील ऊब घेऊन जातें. तणसानें तो मार्ग बंद होतो. शिवाय साखर आंबतांना स्वतःच उष्णता निर्माण करिते. कलाराच्या दुकानांतील मोठ्या रांजणांत ती टिकून राहते, म्हणून मोठा रांजण आपल्याच उबेनें चालतो. घरगुती मडकें लहान, त्याची ऊब लगेच निसटते. घरचा सडवा दुकानच्या सडव्यापेक्षां अधिक वेळां अडे, ह्याचें एक कारण हें आकाराचें आहे, कसबाचें नव्हे.

चालू सडव्याचें पाणी घालणें म्हणजे विरजण घालणें. जुनें मडकें लवकर बोलतें आणि नवें कोरें मडकें रेंगाळतें, ह्याचेंही तेंच कारण; मागील खेपेचा किण्व त्या सच्छिद्र भिंतींत दडून राहिलेला असतो. कोमट पाण्यानें ऊब येते हें उघड आहे, पण त्यानें दुसरेंही एक काम होतें. घाईच्या वेळीं माणूस पाण्याच्या मानानें फुलें जास्त घालतो, अधिक फुलें म्हणजे अधिक मद्य अशा हिशेबानें. साखरेचें पाणी फार दाट झालें म्हणजे तें किण्वाच्या पेशींतील पाणी शोषून घेतें. लोणच्यांतील मीठ किंवा मुरांब्यांतील पाक ज्या युक्तीनें जंतूंना बाहेर ठेवतो तीच ही युक्ति. पाणी घालून पातळ केल्यावर जीवाला श्वास घेण्यास जागा होते.

आतां थोडें मागें जाऊं. कौटिल्याचें अर्थशास्त्र म्हैसूरच्या ग्रंथालयांत शामशास्त्री ह्यांना १९०५ सालीं हातीं लागलें व १९०९ सालीं छापून प्रसिद्ध झालें, तेव्हां राज्यकारभाराच्या कलमांवरच विद्वानांची दृष्टि खिळली. परंतु त्याच्या दुसऱ्या अधिकरणांत सुराध्यक्षावर एक अध्याय आहे, तो आमच्या विषयास फार जवळचा आहे. त्यांत किण्व तयार करण्याची कृति दिली आहे: उडीद, कच्चे किंवा शिजविलेले; त्यांच्याहून एक तृतीयांश अधिक तांदूळ; आणि कांहीं वनस्पतींची अल्प मात्रा. म्हणजे विरजण वेगळें बनवून ठेवण्याची कल्पना येथें पूर्ण आहे. उडीद कशास, हें पुढें पाहूं. त्याहून लक्ष वेधून घेते ती त्यांतील व्यवस्था. मद्याचा व्यापार राजाच्या ताब्यांत, दुकानांवर नजर, पिणाऱ्यांवर हेर. पण कुटुंबवत्सल गृहस्थांना सणासमारंभांत सुरा व औषधासाठीं अरिष्ट घरीं करण्याची मोकळीक, आणि उत्सव-यात्रांच्या वेळीं चार दिवस सूट. कौटिल्य कांहीं दयाळू माणूस नव्हता. करवसुलींत तो इंग्रजांस हार जाता ना. तरीही घरच्या मडक्याला त्यानें थोडी जागा ठेवली होती.

वैद्यांच्या आसव-अरिष्टांत ही विद्या अधिक सभ्य वेषांत टिकली. द्राक्षासव किंवा कुमारी आसव करितांना तुपानें आंतून माखलेलें भांडें, त्यांत गूळ-मध-काढा, वर धायटीचीं फुलें, आणि मग तें भांडें धान्याच्या राशींत पुरून पंधरा दिवस ते महिनाभर ठेवावयाचें. तूप भिंतीचीं छिद्रें बुजवितें. धान्याची रास दिवसरात्र एकच ऊब राखते. धायटीच्या फुलांवर किण्व असतो. सडव्याच्या सासूबाईंचें तणस आणि वैद्यराजांची धान्यराशी ह्यांत तत्त्वतः कांहींच अंतर नाहीं. भांड्याच्या तोंडाशीं जळती वात नेऊन पाहण्याची परीक्षाही वैद्यांची; वात विझली तर आंत अजून वायु सुटतो आहे, म्हणजे आंबणें चालू आहे. आमच्या आजोबांच्या औषधी खोलींतला आसवाचा वास आमच्या लहानपणीं कोणास दारूचा वाटला नाहीं, आणि पोलिसही कधीं दारांत आला नाहीं. एकाच क्रियेस जातीप्रमाणें दोन नांवें पडतात तीं अशीं.

युरोपांत किण्वाचे कण भिंगाखालीं प्रथम पाहिले ते लेव्हेनहूक ह्यानें १६८० सालीं. पण ते सजीव आहेत हें त्यास कळलें नाहीं. १८३७ च्या सुमारास कान्यार-लातूर व श्वान ह्यांनीं ते जिवंत असल्याचें सांगितलें, तेव्हां लीबिगसारख्या थोर रसायनशास्त्रज्ञानें त्यांची टर उडविली. पुढें १८५६ च्या उन्हाळ्यांत फ्रान्समधील लील शहरीं बीटाच्या रसापासून मद्यार्क काढणारा एक कारखानदार लुई पाश्चर ह्यांच्याकडे गेला. त्याचीं पिंपें अडत होतीं. मद्यार्काऐवजीं आंबट, घाणेरडा रस हातीं येई. प्रश्न शब्दशः साकोलीच्या सासूबाईंचाच. पाश्चर ह्यांनीं चांगल्या आणि बिघडलेल्या पिंपांतील थेंब सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिले. चांगल्यांत गोल कण. बिघडलेल्यांत निराळे, लांबट. १८५७ सालीं त्यांनीं दुधाच्या आंबण्यावरील आपला निबंध वाचला, आणि प्रत्येक प्रकारच्या आंबण्यास वेगळा जीव कारण होतो हें मत पुढें रूढ झालें. १८७६ सालीं बीअरवरील त्यांचा ग्रंथ निघाला; त्यामागें १८७०-७१ च्या पराभवानंतर जर्मन बीअरला शह देण्याची देशाभिमानी ईर्षाही होती. १८८३ सालीं कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत हान्सेन ह्यांनीं एका पेशीपासून शुद्ध किण्व वाढविला. तेव्हांपासून मोठ्या कारखान्यांत सडवा अडणें ही दैवाची गोष्ट राहिली नाहीं.

आमच्या विषयास मात्र पाश्चर ह्यांचा १८६० चा प्रयोग अधिक जवळचा आहे. त्यांनीं शुद्ध पाण्यांत साखर घातली, किण्वाची राख घातली, आणि अमोनियाचा एक क्षार घातला. मग चिमूटभर किण्व सोडला. तो वाढला व साखर आंबली. ह्यावरून असें दिसलें कीं, किण्वास नुसती साखर पुरत नाहीं. अंग वाढविण्यास नत्र लागतें, आणि तें अमोनियाच्या क्षारांतूनही त्यास घेतां येतें. मोहफुलांत साखर भरपूर, नत्र तोकडें. बंगळूरच्या भारतीय विज्ञानसंस्थेंत गिल्बर्ट फौलर व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९२० च्या सुमारास मोहफुलांच्या रसायनाचा व त्यांच्या आंबण्याचा अभ्यास केला होता. पुढच्या अनेक प्रयोगांतही मोहाच्या रसांत अमोनियाचा क्षार घातल्यानें काम सुधारतें असें आढळलें आहे. कौटिल्याच्या किण्वांत उडीद कां, ह्याचा उलगडा आम्ही असा करितों: डाळ म्हणजे नत्र.

आणि येथेंच हातभट्टीच्या कुप्रसिद्ध नवसागराची आठवण होते. नवसागर म्हणजे अमोनियाचाच क्षार. कल्हईवाल्याच्या पिशवींत तो असतो. आणि भंडारा हें तर पितळी भांड्यांचें गांव. हातभट्टीवाल्यानें काळ्या गुळाच्या सडव्यांत नवसागर टाकावयास सुरुवात केली ती पाश्चर वाचून खास नव्हे. पण त्याच्या अनुभवानें त्यास सांगितलें असावें कीं, ह्या खड्यानें अडलेला सडवा धांवतो. युक्ति खरी आहे. ती कोणाच्या हातीं आणि कोणत्या घाईंत पडली, हा पुढचा प्रश्न आहे. त्यासाठीं कायद्याकडे वळावें लागतें.

मध्यप्रांतांत दारू गाळण्याचा परंपरागत धंदा कलारांचा. इंग्रजी अमलांत त्यांच्यावर दोन पद्धतींनीं कर बसला. एक आउटस्टिलची: गांवच्या दुकानदारानें लिलावांत ठरलेली महिन्याची ठोक रक्कम भरावी आणि आपल्या भट्टींत हवी तेवढी गाळावी. दुसरी सदर भट्टीची: सर्वांनीं सरकारी आवारांत येऊन गाळावें व गॅलनमागें कर द्यावा. पहिल्या पद्धतींत अडलेला सडवा म्हणजे सरळ नुकसान. मडकें बोलो वा न बोलो, महिन्याची रक्कम चुकत नाहीं. ज्याला जितक्या लवकर रांजण रिकामा करून पुन्हां भरतां येईल तितका त्याचा नफा; आणि नफ्यासाठीं गिऱ्हाइकही वाढवावें लागे. ह्या पद्धतीनें सरकारच दारू पसरवितें अशी ओरड हिंदुस्थानांत व विलायतेंत झाली. ३० एप्रिल १८८९ रोजीं पार्लमेंटाच्या कॉमन्स सभेंत हिंदुस्थानच्या अबकारी धोरणाविरुद्ध ठरावही मंजूर झाला. १९०५-०६ च्या अबकारी कमिटीनें आउटस्टिल मोडून ठेक्यानें दारू पुरविण्याच्या पद्धतीची शिफारस केली.

ह्या सर्व भांडणांत एक पक्ष कोठेंच हजर नव्हता. कलार, कलेक्टर, मद्यपाननिषेधक पाद्री आणि आमचे सुधारक, सर्व बोलले. ज्या घरांत वर्षांतून चार वेळां, लग्नांत, मयतींत, देवाच्या पूजेंत एक मडकें घातलें जाई, त्या घराला कोणी विचारलें नाहीं. मुंबई इलाख्यानें तर १८९२ सालीं ठाणें व कुलाबा ह्या जिल्ह्यांसाठीं मोहाचा स्वतंत्र कायदा करून फुलांच्या साठवणीवरच बंधन घातलें. मध्यप्रांतांत फुलें हें अन्न असल्यामुळें तितका टोकाचा मार्ग सोयीचा नव्हता. पण परवान्याशिवाय मद्य करणें गुन्हा ठरलें, आणि १९१५ च्या अबकारी कायद्यानें तें पक्कें केलें. १९२७ च्या जंगल कायद्यांत वनोपजाच्या व्याख्येंत मोहफुलें व मोहाच्या बिया नांवानिशीं आल्या. त्या जंगलांत मिळोत वा जंगलाबाहेर, तरीही वनोपजच. १९३८ सालीं मध्यप्रांत-वऱ्हाडच्या काँग्रेस मंत्रिमंडळाच्या काळांत दारूबंदीचा कायदा झाला. स्वराज्यानंतर १९४९ चा मुंबईचा कायदा पुढें विदर्भासही लागू झाला. राज्यें बदललीं, पण मडक्याची स्थिति बदलली नाहीं.

कायद्यानें घरचें मडकें थांबलें नाहीं; तें घरांतून बाहेर गेलें. आणि बाहेर जातांच त्याचें आंबण्याचें शास्त्र उलटें झालें. घरांत तें चुलीजवळ उबेंत होतें. आतां तें नाल्याच्या कांठीं, ओल्या वाळूंत, झुडपांत पुरूं लागले, म्हणजे थंडींत अगदीं गार जागीं. घरांत आठ दिवस वाट पाहण्यास कोणाची हरकत नव्हती. आतां प्रत्येक जादा दिवस म्हणजे सांपडण्याची भीति. घरांत मागच्या खेपेचें जुनें मडकें होतें. आतां धाडींत मडकीं फुटत, आणि प्रत्येक खेपेस नवें भांडें, नवी सुरुवात. सडवा अडण्यास अनुकूल अशी सर्व परिस्थिति कायद्यानें एकत्र आणली, आणि त्याच वेळीं अडलेला सडवा परवडेनासा केला. मग मोह बाजूस पडून काळा गूळ आला, नवसागर आला, लोखंडी व पुढें प्लास्टिकचीं पिंपें आलीं. वर्तमानपत्रांत इतके लिटर सडवा नष्ट केल्याची बातमी अजूनही येते; ती वाचतांना आम्हांस त्या पिंपांच्या आकारावरून कळतें कीं, हा सडवा पूजेचा नव्हे, विक्रीचा आहे. घरगुती हात दुर्बळ झाला, धंदेवाईक हात टिकला.

ह्या घाईचें शेवटचें टोक म्हणजे आंबवणेंच टाळणें. जून २०१५ मध्यें मुंबईच्या मालवणी भागांत विषारी दारूनें शंभरांहून अधिक माणसें दगावलीं. तीं कोणत्याही सडव्यानें मेलीं नाहींत. तेथें कारखान्यांत वापरला जाणारा मेथिल अल्कोहोल पाणी घालून विकला गेला होता. ज्या द्रवाला फुलें नकोत, ऊब नको, वाट पाहणें नको, त्याच्याशीं मोहाच्या मडक्याची गांठ घालणें अन्यायाचें आहे. तरीही दारूबंदीच्या चर्चेंत दोन्ही एकाच तागडींत टाकलीं जातात. उलट बाजूनें हेंही सांगितलें पाहिजे कीं, गडचिरोली जिल्ह्यांत १९९३ सालीं जी दारूबंदी झाली तिच्यामागें जनतेच्या, विशेषतः स्त्रियांच्या, चळवळीचा जोर होता. मडकें घरांत होतें तेव्हां सर्व सुखी होते असें चित्र रंगविण्याची आमची इच्छा नाहीं. साकोलीच्या त्या बाईनेंच आम्हांस सांगितलें कीं, तिचा नवरा दारूनेंच गेला. मात्र ती घरची नव्हती, दुकानची होती, आणि रोजची होती.

१९१५ चा तोच कायदा मध्य प्रदेशांत अजून चालू आहे, आणि तेथें व छत्तीसगडांत आदिवासी क्षेत्रांतील अनुसूचित जमातींना घरच्या वापरापुरतें, ठराविक मर्यादेंत, मोहाचें मद्य करण्याची सूट आहे. तुमसरच्या उत्तरेस बालाघाट जिल्हा लागतो. राज्याची सीमा ओलांडली म्हणजे मोहाचें झाड तेंच राहतें, मडक्याचा कायदा मात्र बदलतो. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं मोहफुलें वेंचणें, साठविणें व त्यांची वाहतूक करणें ह्यांवरील निर्बंध उठविले. फुलांचे लाडू, सरबत, मुरांबा करणारे महिलांचे बचत गट आतां दिसूं लागले आहेत. सडव्यास परवाना अजून लागतोच.

आम्ही निघतांना त्या बाईला विचारलें कीं, हें सर्व सुनेला शिकविलें काय? ती म्हणाली कीं, सून शहरांत नोकरीस आहे, तिला ह्याचा काय उपयोग. पण थंडींत तिचें इडलीचें पीठ फुगत नाहीं, तेव्हां ती फोन करून विचारते. "मी म्हटलें, तणस तुझ्याजवळ कुठलें, गोधडींत ठेव. आणि पहिल्या पिठांतलें वाटीभर नेहमीं मागें ठेवत जा."